बुंधा खाली, शेंडा वर

“आरं बुंधा म्होरं! बुंधा म्होरं घ्या! शेंड्यानं न्हेताय व्हय झाड, मुडद्यानू?”

आप्पा गाडीच्या जुवाशी उभे राहून असे ओरडत होते की कडेगावच्या बाजारात त्या सकाळी दोन बैल बुजले. कडेगाव आमच्या गावाहून चार कोस. मी वाढवून सांगत नाही. ज्याचे बैल बुजले त्यानंच मला पुढं कधीतरी सांगितलं, आणि त्यानं वाढवून सांगितलं असेल तर ते पाप त्याचं.

आप्पा म्हणजे माझे वडील. गाडीवर चढत होती ती आमच्या विहिरीच्या बांधावरची बाभूळ, चिरून चार जाड तुकडे केलेली. आणि घर सोडून निघालो होतो आम्ही: मी, बायको इंदू, फौजेतली एक लोखंडी ट्रंक, पाटा-वरवंटा आणि ही बाभूळ. लढाई संपून वर्ष झालं होतं. फौजेनं मला जसाच्या तसा परत केला होता, पण घरात आल्यावर मलाच गाव पुरेना. सांगलीत एका तेलगिरणीत नोकरी लागली. शहराबाहेरच्या माळावर जागेचा तुकडा मिळाला. तिथं घर बांधायचं होतं, आणि तेही विजेच्या दिव्यांचं. आमच्या गावात तेव्हा वीज फक्त आभाळात असायची, आणि तिथंही एक वर्ष आली तर दोन वर्षं फिरकायची नाही.

ते चार तुकडे म्हणजे दाराची चौकट. खालचा उंबरा, वरची गणेशपट्टी, आणि दोन अंगांना दोन उभी लाकडं, त्यांना बाह्या म्हणतात. आप्पांचा कायदा एकच होता. झाड बांधावर जसं उभं होतं, तशीच त्याची बाही दारात उभी राहिली पाहिजे. बुंधा खाली, शेंडा वर.

“झाडाला तोडल्यावरबी कळतंय, पाय खाली हायत का डोस्कं,” ते मला सांगत होते. “उलटी बाही लावलीस तर त्या घरात माणूस टिकत न्हाई. ज्याला पायच न्हाईत त्यो हुबा कशावर ऱ्हानार?”

म्हणून दोन्ही बाह्यांच्या बुंध्याकडच्या टोकाला त्यांनी स्वतः पटाशीनं तीन-तीन खाचा पाडल्या होत्या. आंधळ्यालाही हातानं कळाव्यात अशा. मी आंधळा नव्हतो, हीच अडचण झाली.

मी फौजेत असताना आई गेली. पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा तिला जाऊन पाच महिने झाले होते. मी आयुष्यात सगळं वाढवून सांगितलं, ही एक गोष्ट सोडून. तिच्यात वाढवायला जागाच नाही. त्यानंतर आप्पा एकटे. मी एकुलता एक. त्यांना सांगलीला आपल्यापाशी आणायचं, एवढं एकच मी मनाशी धरलं होतं. गाडी निघताना मी म्हटलं, “आप्पा, घर झालं की येताय न्हवं आमच्याकडं कायमचं?”

ते दोर आवळत होते. दोराकडंच बघून म्हणाले, “चौकट नीट हुबी कर. मग बघू.”

त्या दोन शब्दांवर मी घर बांधलं. खाली दगडाचा पायाही होता, पण तो नुसता दाखवायला.

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही गेलो ते सुखात पडलो. आणि माझ्यासारख्या गेलेल्यांनो, तुम्हाला पक्कं ठाऊक आहे की हे त्यांना आपणच लिहून कळवलं होतं. फौजेतून मी घरी लिहायचो, की छावणीची सगळी वीज माझ्या हाताखाली आहे. हे जवळजवळ खरं होतं. मी भांडारावर होतो आणि वायरच्या पेट्यांवर बसून पहारा करायचो. वीज माझ्या हाताखाली नव्हती, त्याहून जरा खाली होती. आणखी एका पत्रात मी लिहिलं होतं, की नदीवर पूल बांधला त्यातलं लाकूडकाम निम्मं माझं. ही पत्रं चावडीवर मोठ्यानं वाचली जात. आप्पा ती ऐकायला रोज नवा पटका बांधून जात म्हणे. आता असल्या माणसानं स्वतःच्या घराला सुतार आणि वायरमन बोलावला असता तर गावात तोंड कुठं दाखवायचं होतं? भिंती गवंड्यानं उभ्या केल्या. लाकूड आणि वीज मी माझ्या अंगावर घेतली.

बाभूळ कसली, ती लोखंडाची सावत्र बहीण होती. तासायला वाकस मारला की ठिणगी उडायची. त्या ठिणग्यांवर माळावरचे गुराखी येऊन विड्या पेटवून जात. करवतीचे दात गळाले, रंध्याचं पातं तीनदा लोहाराकडं जाऊन आलं, आणि चौथ्यांदा लोहारानंच विचारलं, “पैलवान, तुमी दार करताय का खडी फोडताय?”

शेजारी आण्णाप्पा म्हणून जैन गृहस्थ होते. भुईमुगाचा व्यापार होता, आणि माझ्या कामावर देखरेख करणं हा दुसरा. सकाळी दात घासता घासता कुंपणापाशी यायचे. “काय वो मिलट्री, आज काय मोडलं?” असं विचारून मगच चूळ भरायचे.

चूक झाली ती माझ्या शिस्तीमुळं. कुठंतरी ऐकलं होतं, की जातिवंत कारागीर आधी लाकडाची टोकं काटकोनात कापतो. मीही कापली. दोन्ही बाह्यांची, दोन्ही बाजूंनी, चार-चार बोटं. मग चारी अंगांनी रंधा मारून लाकूड असं केलं की त्यात बघून भांग पाडावा. इंदूनं ती कापलेली टोकं गोळा करून चुलवणात घातली. अंघोळीचं पाणी चांगलं कढत निघालं. ते अंगावर घेता घेता माझ्या ध्यानात आलं, की आप्पांच्या खाचा आत्ता माझ्या पाठीवरून ओघळून मोरीत चालल्यात.

ओल्या अंगानं धावत आलो. दोन्ही बाह्या जमिनीवर शेजारी शेजारी पडल्या होत्या. गुळगुळीत. चौकोनी. इकडून बघावं तर तशाच, तिकडून बघावं तर तशाच. मी त्यांना उलटं केलं, सुलटं केलं, हुंगलं, वाजवून पाहिलं. आपल्या बांधावरचं झाड, ज्याच्या शेंगा मी शेरडांना घातल्या, त्याचे पाय कुठले आणि डोकं कुठलं ते मला सांगता येईना.

आण्णाप्पांनी तोड काढली. म्हणाले, “पाण्यात टाका की वो. बुंधा जड असतोय. जी बाजू बुडंल ती खालची.” मी दोन्ही बाह्या गाडीत घालून कृष्णेला नेल्या आणि पाण्यात सोडल्या. बुंध्याची बाजू बुडाली. शेंड्याचीही बुडाली. बाभूळ अजून ओली होती. दगडासारखी तळाला गेली. म्हशी धुणाऱ्या चौघांनी बुड्या मारून ती वर काढली, आणि त्यातला एकजण काठावर येऊन अगदी गंभीरपणे म्हणाला, “पावनं, ह्याची नाव न्हाई व्हायची.”

आप्पांना विचारावं, तर सांगायचं काय? की तुम्ही कोरलेल्या खाचा पाणी तापवायला घातल्या? गवंडी चौकटीसाठी खोळंबला होता. शेवटी एका बाहीवर फांदीची जुनी जखम दिसली, तिच्यावरून अंदाज केला. दुसऱ्या बाहीचं मी नाणं उडवून ठरवलं. हे मी आजवर इंदूलाही सांगितलेलं नाही. छापा आला. छापा म्हणजे बुंधा हे नाणं उडवण्याआधी ठरवलं होतं का नंतर, तेही आता मला नक्की आठवत नाही.

चौकटीला हळदकुंकू लागलं, वर नारळ बांधला, आणि भिंत तिच्या दोन्ही अंगांनी चढली.

मग वीज. सागाच्या पट्ट्या भिंतीवर ठोकायच्या, पट्टीवर पत्र्याच्या बारक्या क्लिपा, आणि क्लिपांत रबरी वायर दाबून बसवायची. वायर त्या दिवसांत अशी दुर्मिळ होती, की ती मिळालेल्या माणसाकडं लोक मुलगी द्यायला तयार व्हायचे. मी पट्ट्या ठोकल्या, बोर्ड बसवले, लाकडी गट्टूंवर होल्डर लावले. बाहेरून येणारी मुख्य वायर कुठून घ्यायची, तर भिंत कच्ची, खिळा धरेना. म्हणून मी ती डाव्या बाहीवरूनच घेतली. बाभळीनं खिळा धरला. एकदा धरला तो अजून सोडलेला नाही.

वीज कंपनीचा साहेब तपासायला आला. दोनदा नापास करून गेला. तिसऱ्यांदा त्यानं वायर तपासायच्या यंत्राची मूठ फिरवली, काटा बघितला, मग एकेक बटण दाबत घरभर हिंडला. स्वयंपाकघरातलं बटण दाबलं की सोप्यातला दिवा लागायचा. सोप्यातलं दाबलं की न्हाणीतला. साहेबानं एकेक करून सगळी बटणं बंद केली. मग म्हणाला, “धोका काही नाही. पण शहाणपणही नाही.” आणि सही करून गेला. इंदूनं चार दिवसांत ते पाढ्यासारखं पाठ केलं. आजही आमच्याकडं पाहुणा आला की तो बटण दाबतो आणि अंधारात उभा राहतो, आणि इंदू आतून ओरडते, “न्हाणीत बघा, लागलाय!”

घरभरणीच्या दिवशी मी भर दुपारी सगळे दिवे लावून ठेवले होते. आप्पा आले. काखेत शेंगांचं गाठोडं, हातात गुळाची ढेप, डोक्याला नवा पटका. माळावरच्या त्या पाच दिव्यांनी सूर्य ओशाळला होता, पण आप्पांनी वर बघितलंच नाही. ते दारात थांबले. गाठोडं खाली ठेवलं. उजव्या बाहीवरून हात फिरवत गेले, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात. थांबले, मान हलवली. मग डाव्या बाहीवरून हात फिरवला. माझ्या रंध्याला न दिसलेली एक गाठ होती, बोराएवढी. त्यांचं बोट तिच्यावर थांबलं.

“पांडबा, ही फांदी खाली चाललीया.”

मीही बोट लावून बघितलं.

“बाभळीची फांदी कवा खाली जाती व्हय रं? वर जाती का खाली?”

“वर जाती, आप्पा.”

“मग ही बाही डोस्क्यावर हुबी हाय.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. कडेगावपर्यंत ऐकू जाणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज उंबऱ्याच्या आतही पोचला नाही. बाहेर जोत्याच्या शिल्लक राहिलेल्या एका दगडावर ते जाऊन बसले. इंदू पदर सावरत दारात आली. “मामंजी, आत या की. पान वाढलंय.”

“हितंच आण, बाय. वारा बरा हाय.”

वारा नव्हता. ते बाहेर जेवले, शेंगांचं गाठोडं उंबऱ्यावरून आत सरकवलं आणि दिवस असतानाच निघाले. आण्णाप्पा कुंपणापाशी होते. त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

पुढं तीन वर्षं हेच. गुळाची गाडी घेऊन ते सांगलीच्या पेठेत यायचे, गूळ उतरवला की आमच्याकडं यायचे, आणि त्या दगडावर बसायचे. नातू झाला तेव्हा तो आम्ही बाहेर नेऊन त्यांच्या मांडीवर दिला. मी सगळं करून बघितलं. बाहीची पूजा घातली. म्हटलं, “आप्पा, शहरात असलं कोन बघत न्हाई.” ते म्हणाले, “शहर बघत न्हाई, झाड बघतंय.” मी थापा मारल्या. सांगितलं, की कर्नाटकात एक जातच अशी आहे जिच्या बाभळीच्या फांद्या खाली वाढतात. त्यावर ते पहिल्यांदा हसले. पण उठले नाहीत.

गावातली माणसं भेटली की मी सांगायचो, आप्पा येतात, राहतात, त्यांना दिवा फार आवडतो. आप्पाही गावात तेच सांगत असत, हे मला फार उशिरा कळलं. दोघांनी मिळून एक घर बांधलं होतं, ते फक्त चावडीवर उभं होतं.

गाव सोडून गेलेल्या माणसाला वाटतं, की घर हे हातानं करायचं काम आहे. माप घ्या, हत्यार घ्या, चुकलं तर उसवा आणि पुन्हा बसवा. गावात मी असताना घर कुणी केलेलं मला आठवतच नाही, ते होतंच. इथं मी फ्यूज बदलायला शिकलो, होल्डर बदलायला शिकलो, ‘दिवा लाव’ म्हणायचं सोडून ‘लाईट लाव’ म्हणायला शिकलो. एवढं शिकलेल्या माणसाला एक लाकूड सुलटं करता येऊ नये?

चौथ्या वर्षी मी गिरणीतून पंधरा दिवसांची रजा काढली आणि चौकट उसवायला घेतली.

वरच्या भिंतीला दोन वासे टेकू दिले. कंपनीत अर्ज करून वीज तोडून घेतली. मुख्य वायर सोडवायला गेलो तर बाभूळ खिळे देईना. पट्टी फुटली, वायर तुटली, भिंतीतून एवढी माती पडली की तिच्यात आणखी एक घर झालं असतं. बाही निघाली तेव्हा तिच्यामागची भिंत दोन बोटं खाली बसली. आणि मग कळलं, की बाही नुसती उलटी उभी करून भागत नाही. दार टेकायला जी लांब खाच कोरलेली असते, ती बाही उलटी केली की रस्त्याच्या अंगाला येते. जुनी खाच पट्टी ठोकून बुजवायची, नवी कोरायची. वरच्या टोकाचं कुसू, म्हणजे खोबणीत बसणारी जीभ, ते खाली, खालचं वर. दोन्ही पुन्हा घडवायची. आणि आता बाभूळ ओली नव्हती. तीन उन्हाळे पिऊन ती अशी झाली होती, की पटाशी मारली की पटाशीच रडायची. माझ्या दोन्ही तळव्यांची कातडी गेली. रजा संपली, बिनपगारी वाढवून घेतली. पंधराचे चाळीस दिवस झाले. दाराच्या जागी पोत्याचा पडदा, घरात रॉकेलचा कंदील, आणि रॉकेलवर सरकारी कंट्रोल. म्हणजे विजेचं म्हणून बांधलेलं माळावरचं पहिलं घर सगळ्यात अंधारं. पोरगं खोकत होतं.

आण्णाप्पा म्हणाले, “मिलट्री, एका लाकडासाठी?”

इंदू म्हणाली, “लाकडासाठी न्हवं वो.” आणि पोराला घेऊन आत गेली.

मी पटाशी उचलली. तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं, की हे कशासाठी आहे, आणि दोघांनाही भीती एकच होती. पुन्हा साहेब आला, पुन्हा मूठ फिरवली, पुन्हा सही केली. बटणं मात्र तशीच ठेवली. इंदूला नवा पाढा पाठ करायला सांगायची माझी छाती नव्हती.

मग मी आप्पांना पत्र लिहिलं. त्यात एक शब्दही वाढवून लिहिला नाही. हात दुखत होते.

ते आले. गाठोडं खाली ठेवलं. डाव्या बाहीवरून हात फिरवला. गाठ आता वरच्या अंगाला गेली होती. टाच उचलून त्यांनी ती चाचपली. फांदी आभाळाकडं चालली होती. मग त्यांनी माझा हात धरला, तळवा उताणा केला, आणि जशी गाठ चाचपली तसाच तो अंगठ्यानं चाचपला. वहाणा काढल्या. उजवा पाय उचलून उंबरा ओलांडला आणि आत आले.

इंदूनं पाण्याचा तांब्या दिला. सोप्यात घोंगड्यावर बसून त्यांनी तो रिकामा केला. नातवानं त्यांना बटणं दाखवली. त्यांनी एक दाबलं, दुसरीकडं दिवा लागला, आणि पोराबरोबर तेही हसले. आत बसून पोटभर जेवले. भाकरी मागून घेतली. मी आतल्या खोलीत त्यांच्यासाठी आधीच बाज टाकून ठेवली होती, नवी, सुंभानं विणलेली, तीही मीच विणलेली. त्यांनी ती हातानं दाबून बघितली. “घट इनलीस,” म्हणाले.

मग ते दारात आले, वहाणा शोधू लागले.

मी म्हटलं, “आप्पा, बाही सुलटी झाली न्हवं?”

“झाली. ब्येस झाली.”

“मग आता ऱ्हाताय न्हवं?”

त्यांनी एक वहाण घातली. दुसरी घातली.

“न्हाई,” ते म्हणाले. “घरी गुरं हायत.”